बालमन आणि जाहिरातीची नीति

ता. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं मुंबई, पुणें व नागपूर येथून विविध भारतीवर व्यापारी जाहिरातींस प्रारंभ झाला. तेव्हांपासून नागपुरांतील घरोघरीं गाण्यांच्या मधोमध विक्रीच्या वस्तूंचीं नांवें ऐकूं येऊं लागलीं. जाहिरात ही विक्रेत्याची बाजू आहे, हें प्रौढास ठाऊक असतें; लहान मुलास तें उमगत नाहीं. त्यास ती स्नेह्याची सूचना वाटते. म्हणून प्रौढाशीं होणारा व्यवहार व बालकाशीं होणारा व्यवहार यांस नीतीचा एकच गज लावतां येत नाहीं.

आकाशवाणीच्या जाहिरात-संहितेनें हा भेद ओळखला. अमुक वस्तु नसेल तर आपण इतरांहून कमी ठरूं, आपलें हसें होईल, असें मुलांस भासविणारी जाहिरात तिला वर्ज्य आहे. वस्तु घेणें अथवा इतरांस घ्यावयास लावणें हें मुलाचें कर्तव्यच होय, असें सुचविणेंही तिला मान्य नाहीं. कारण तसें झाल्यास मूल हें घरांतील बिनपगारी विक्रेता बनतें, आणि आईबाप त्याच्या हट्टास दोष देत बसतात.

परंतु जी जाहिरात म्हणून येतच नाहीं, तिचें काय? १९७२ सालीं रेडिओवर सुरू झालेल्या ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’नें मुलांस सामान्य ज्ञानाची गोडी लावली, हें निर्विवाद आहे. त्याचबरोबर एका पेयाचें नांव मात्र बुद्धिमत्तेच्या शेजारीं जाऊन बसलें. पुढें एप्रिल २०२४ मध्यें केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानें संकेतस्थळांवरून विक्री करणाऱ्या कंपन्यांस बोर्नव्हिटासह अशीं पेयें ‘आरोग्यपेय’ या वर्गांतून काढण्यास सांगितलें. अन्नसुरक्षेच्या कायद्यांत त्या नांवाची व्याख्याच नाहीं. ज्ञानाचा लौकिक खरा होता. आरोग्याचें बिरुद कायद्यास ठाऊक नव्हतें.

२०२२ सालच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीं मुलांच्या कार्यक्रमांत चिप्स व फसफसणारीं पेयें यांच्या जाहिरातींस मनाई केली. ती योग्यच आहे. पण मुलें केवळ मुलांचेच कार्यक्रम पाहत नाहींत. नागपूरच्या संत्र्यासाठीं कोणी गाणें रचून पैसे मोजीत नाहीं. रंगीत पुडीसाठीं मोजतात. हा फरक मुलास घरींच दाखवितां येतो. “हें सांगणारास पैसे कोण देतो?” एवढा एक प्रश्न ज्या मुलास विचारतां आला, त्याचा हट्ट निम्मा ओसरला. मात्र ज्या वयांत तो प्रश्न सुचतच नाहीं, त्या वयाच्या बालकापुढें गाणें घेऊन उभें राहणें, हा व्यापार नव्हे. तो त्याच्या अजाणतेपणाचा लाभ घेणें आहे.