फ्रोडो जिंकला की हरला?

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. तास इंग्रजीचा होता. पाठ संपला होता आणि घंटेला दहा-बारा मिनिटांचा अवकाश होता. अशा वेळी मुलांना एखादी गोष्ट सांगावी, हा माझा जुना परिपाठ. त्या दिवसांत मी टॉल्किन या इंग्रज लेखकाची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रदीर्घ अद्भुतकथा रोज थोडीथोडी सांगत होतो. त्या दिवशी ती संपली. वर्ग क्षणभर स्तब्ध राहिला आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, म्हणजे फ्रोडो पास झाला की नापास?”

मुले हसली, मीही हसलो, इतक्यात घंटा झाली आणि उत्तर देण्याची वेळ टळली. परंतु प्रश्न टळला नाही. आज तुमच्यासमोर जे बोलणार आहे, ते त्या राहून गेलेल्या उत्तरासंबंधी आहे.

ज्यांनी ही कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. जे. आर. आर. टॉल्किन यांचा जन्म १८९२ सालचा; १९७३ साली ते निवर्तले. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. १९३७ च्या डिसेंबरात त्यांनी ही कथा लिहावयास घेतली आणि १९५४ व १९५५ या दोन वर्षांत ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. हॉबिट नावाच्या बुटक्या, शांतताप्रिय, खाण्यापिण्यात रमणाऱ्या लोकांची शायर नावाची एक वस्ती आहे. तेथील फ्रोडो या तरुणाकडे बिल्बो या वडीलधाऱ्या आप्ताकडून एक अंगठी येते. ही अंगठी सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाने घडविलेली आहे. ती ज्याच्याजवळ राहील त्याच्या मनात सत्तेची अभिलाषा उत्पन्न होते, आणि सद्धेतूने वापरू गेले तरी तिच्यापासून वाईटच निपजते. मॉर्डॉर देशातील ज्या अग्निपर्वतात ती घडविली गेली, त्याच आगीत टाकली तरच तिचा नाश होईल. हे काम फ्रोडो अंगावर घेतो. अखेरच्या मजलांत त्याच्या सोबतीला दोघेच उरतात. एक त्याचा विश्वासू माळी सॅम, आणि दुसरा गॉलम. या गॉलमने ती अंगठी पूर्वी शेकडो वर्षे बाळगली होती आणि तिच्या हव्यासाने तो माणुसकीतून उठला होता.

अशा कथेचा शेवट कसा व्हावा, हे आपण सारेच जाणतो. नायकाने कड्यावर उभे राहावे, मन घट्ट करावे, अंगठी आगीत फेकावी आणि जयजयकार व्हावा. टॉल्किनने तसे केलेले नाही. उपासतापास, जखमा आणि तहान सोसून फ्रोडो त्या आगीच्या कडेशी पोहोचतो आणि तेथे उभा राहून स्पष्ट शब्दांत सांगतो की, ज्यासाठी आलो ते काम आता मी करणार नाही. अंगठी माझी आहे. एवढे बोलून तो ती बोटात घालतो. इतक्यात गॉलम त्याच्यावर झडप घालतो, दातांनी त्याचे बोटच तोडतो, अंगठी हाती आल्याच्या हर्षात नाचू लागतो, आणि नाचता नाचता तोल जाऊन आगीत कोसळतो. अंगठी नष्ट होते, सॉरॉनचे साम्राज्य ढासळते, जग वाचते. परंतु ते नायकाच्या निश्चयाने वाचलेले नाही.

या कथेवर २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट निघाले आणि आजची पुष्कळ मुले त्यांतूनच ती ओळखतात. चित्रपटात हा प्रसंग थोडा बदलला आहे. तेथे बोट तुटल्यानंतरही फ्रोडो पुन्हा उठून गॉलमशी झुंजतो आणि त्या झटापटीत गॉलम खाली पडतो. नायकाने अखेरीस काहीतरी केले, एवढे समाधान प्रेक्षकाला मिळावे, अशी ती योजना दिसते. पुस्तकात ते समाधान नाही. तेथे फ्रोडो गुडघ्यांवर कोसळलेला आहे, आणि जे घडते ते त्याच्याविना घडते.

मग ते घडविले कोणी? येथे वाचकांचे तीन पक्ष पडतात, आणि तिन्ही पक्षांना पुस्तकात आधार सापडतो.

पहिला पक्ष म्हणतो, हा निव्वळ अपघात. पाय घसरला, एवढेच. दुसरा पक्ष मागची पाने उलटून दाखवितो. गॉलमने त्याच अंगठीची शपथ वाहून सेवेचे वचन दिले होते, आणि ही शपथ तुला बांधून ठेवील, असे फ्रोडोने त्याला तेव्हाच बजावले होते. पुढे पर्वताच्या उतारावर गॉलम अंगावर धावून आला असता, पुन्हा मला स्पर्श केलास तर तूच त्या आगीत जाशील, अशी भयंकर वाणी उमटते. ती वाणी फ्रोडोची की अंगठीची, हे लेखक स्पष्ट करीत नाही. म्हणजे शपथभंगाचे फळ गॉलमला मिळाले, आणि अंगठीच्याच सामर्थ्याने अंगठीचा घात केला. तिसरा पक्ष आणखी मागे जातो. बिल्बोला पूर्वी अंधाऱ्या भुयारात गॉलमला ठार करण्याची संधी होती, पण दया येऊन त्याने हात आवरला. त्याला मारावयास हवे होते, असे फ्रोडो कथेच्या प्रारंभीच म्हणतो. तेव्हा गॅन्डाल्फ हा ज्ञानी वृद्ध त्याला समजावतो की, या गॉलमकडून अखेरीस बरे किंवा वाईट असे काहीतरी कार्य व्हावयाचे आहे, आणि बिल्बोची ती दया अनेकांचे भवितव्य ठरवील. पुढे फ्रोडो स्वतः गॉलमला जीवदान देतो. आणि पर्वताच्या उतारावर, शेवटच्या घटकेला, ज्याला गॉलमचा मनस्वी तिटकारा होता त्या सॅमचीही तलवार खाली येत नाही. या तिघांतील एकानेही वार केला असता तर त्या कड्यावर फ्रोडोच्या हातून अंगठी हिसकावणारा कोणी उरला नसता.

मला तिसरा पक्ष सर्वांत भक्कम वाटतो. परंतु तो पहिल्या दोघांना खोडून काढीत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाय घसरला हे खरेच आहे. शपथ मोडली हेही खरेच आहे. मात्र पाय घसरण्यासाठी गॉलम तेथे जिवंत असणे, हे दयेचे फळ आहे.

टॉल्किन कॅथलिक होते. त्यांच्या आईने १९०० साली हा पंथ स्वीकारला आणि १९०४ साली ती वारल्यावर बर्मिंगहॅमच्या एका धर्मगुरूंनी या पोरक्या मुलाचा सांभाळ केला. कथेत देवाचे नाव जवळजवळ येतच नाही. तथापि परिशिष्टातील तारखा पाहिल्या तर अंगठीचा नाश २५ मार्चला झाला असे दिसते. देवदूताने मरियेला ख्रिस्तजन्माचा संदेश दिला, त्याचा सण आम्ही याच दिवशी पाळतो. माझ्यासारख्याच्या नजरेतून ही तारीख निसटत नाही. मात्र ती ठाऊक नसली म्हणून कथेचा अर्थ अडून राहतो असेही नाही.

लेखकाचे स्वतःचे मत काय होते? त्यांची निवडक पत्रे १९८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत या प्रश्नाचा ऊहापोह अनेकदा आला आहे. एका संतप्त वाचकाने तर लिहिले होते की, फ्रोडोचा सत्कार करण्याऐवजी त्याला द्रोही म्हणून देहदंड द्यावयास हवा होता! टॉल्किनचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. फ्रोडो अपयशी ठरला, हे ते मान्य करतात. परंतु ते अपयश नैतिक नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्या ठिकाणी, त्या क्षणी अंगठीचा दाब कोणाही देहधाऱ्याच्या शक्तीपलीकडचा होता. आपली सारी शक्ती खर्चून फ्रोडोने कार्य अशा जागी आणून ठेवले होते की, तेथून पुढे ते त्याच्याविना तडीस जाऊ शकले. आणि त्याने दुसऱ्याला केलेली क्षमाच अखेर त्याच्या उपयोगी पडली. आम्ही रोज म्हणतो त्या प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची आणि मोहातून सुटकेची मागणी जोडीने येते. या प्रसंगासंबंधी लिहिताना टॉल्किनने त्याच मागण्यांचा उल्लेख केला आहे.

येथे मला कथेतील आणखी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण तो माझ्या मनाला टोचतो. मॉर्डॉरच्या वाटेवर एका उंच जिन्यावर फ्रोडो आणि सॅम थकून झोपी गेले आहेत. गॉलम परत येतो. त्याने विश्वासघाताचा बेत आधीच केलेला आहे. पण त्या दोघांना झोपलेले पाहून त्याचा चेहरा पालटतो, तो एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो, आणि हळूच हात पुढे करून तो फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि संशयाने त्याच्यावर खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांतील तो भाव विझतो, तो कायमचाच. सॅम दुष्ट नाही. कथेत त्याच्याइतका प्रेमळ दुसरा कोणी नाही. तो दमलेला होता, आणि त्याचा संशय सर्वस्वी खोटाही नव्हता. तरी एका कठोर शब्दाने जे जावयाचे ते गेले.

श्रोतेहो, असा एक शब्द माझ्याही तोंडून गेलेला आहे. माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. दहावीच्या वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले. पहाटे घरोघरी दूध पोहोचवून तो शाळेत येई आणि रात्री वडिलांच्या उशाशी बसून वाचीत असे. असे त्याने सबंध वर्ष काढले. परीक्षेचे पहिले पेपर त्याने दिले. शेवटच्या दोन पेपरांना मात्र तो दारापर्यंत येऊन परत फिरला. नंतर शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास तो आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, “ऐन वेळी कच खाल्लीस.” त्याने मान खाली घातली, दाखल्याची घडी करून खिशात ठेवली आणि तो गेला. त्या वर्षभरातील कोणत्याही पहाटेची मी त्याला विचारपूस केली नाही. शेवटच्या दोन पेपरांवरून मी साऱ्या वर्षाचा निकाल लावून मोकळा झालो.

फ्रोडोचा निकाल लावताना आपण हेच करीत नाही काय?

कथा अग्निपर्वताशी संपत नाही. शेवटाची दुसरी संदिग्धता पुढेच आहे. फ्रोडो शायरला परततो तो गाव उद्ध्वस्त झालेला पाहतो. गावकरी उठाव करून गुंडांना हुसकावून लावतात. फ्रोडो मात्र शस्त्र उचलीत नाही, उलट शरण आलेल्यांना मारू नका म्हणून विनवीत फिरतो. पुढे गावात त्याचे फारसे कोणी नावही घेत नाही, आणि सॅमला याचे वाईट वाटते. दर वर्षी ठरावीक दिवशी फ्रोडोच्या जुन्या जखमा उसळतात. टॉल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या रणभूमीवर होते आणि पहिल्या महायुद्धात त्यांचे जिवलग मित्र मारले गेले. आपल्या कथेला रूपक म्हटलेले त्यांना खपत नसे, म्हणून मी तसे म्हणत नाही. परंतु युद्धाहून घरी आलेला माणूस खरोखर घरी येतोच असे नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

दोन वर्षांच्या आत फ्रोडो गलबतात बसून समुद्रापलीकडे, अमरांच्या पश्चिम देशाकडे निघून जातो. हा मृत्यू समजावा काय? गलबत, किनारा, रडणारे मित्र, पावसाच्या पडद्यामागे उजळलेला हिरवा देश, हे सारे वाचताना तसे वाटते खरे. परंतु टॉल्किन पत्रात सांगतात की, फ्रोडोला तेथे अमरत्व मिळालेले नाही. त्याला शांतपणे बरे होण्यासाठी काही काळ मिळाला आहे आणि पुढे मरण आहेच. पुस्तकात हे इतके उघड करून सांगितलेले नाही. तो पूर्वी एका स्वप्नात पाहिलेला देश पुन्हा पाहतो, एवढेच तेथे येते, आणि तेही ‘त्याला वाटले’ अशा भाषेत.

आपल्याकडील वाचकांस असा शेवट अगदीच परका वाटू नये. महाभारतातील युद्ध धर्मराज जिंकतो, परंतु जिंकल्यावर तो शोकच करीत बसतो. आणि स्वर्गात पोहोचतो तेव्हा समोर दुर्योधन बसलेला पाहतो. विजयाने सगळे हिशेब मिटत नाहीत, हे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

मात्र टॉल्किनची कथा त्या गलबतावरही संपत नाही. गलबत दिसेनासे झाल्यावर सॅम रात्री बऱ्याच उशिरापर्यंत लाटांचा आवाज ऐकत उभा राहतो, मग घरी येतो. दिवा लागलेला आहे, जेवण वाट पाहत आहे, बायको त्याच्या मांडीवर लहान मुलीला देते, आणि आपण परत आलो, एवढेच तो बोलतो. टॉल्किनने यापुढे आणखी एक उपसंहार लिहिला होता. त्यात पुष्कळ वर्षांनंतर सॅम आपल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसला आहे. तो त्यांनी गाळला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९९२ साली तो प्रकाशात आला. उत्तरे लिहून तयार असताना ती बाजूला ठेवून त्यांनी दिवा लागलेल्या घरावर लेखणी थांबविली. मला ही निवड योग्य वाटते. फ्रोडोचा निकाल लावणे सॅमकडे नव्हते. फ्रोडोने ज्याच्यासाठी चालून जीव शिणविला, ते घर सांभाळणे त्याच्याकडे होते.

तेव्हा मागच्या बाकावरील त्या मुलाला माझे उत्तर असे. बाळा, शेवटच्या पेपरात फ्रोडो नापास झाला, हे खरे आहे आणि ते लपवू नये. परंतु तेथवर तो चालत गेला होता, आणि वाटेत ज्याला मारणे सोपे होते त्याला त्याने मारले नव्हते. जग वाचले ते या दोन गोष्टींमुळे. गुणपत्रिकेत या दोन्हींसाठी रकाना नसतो, एवढाच गुणपत्रिकेचा दोष.

तो मुलगाही आता शाळा सोडून गेला आहे. हे भाषण त्याच्या कानी पडले तर त्याचे उत्तर त्याला मिळेल. दाखल्याची घडी करून खिशात ठेवणारा तो दुसरा विद्यार्थी कोठे आहे, मला ठाऊक नाही. तो ऐकत असेल, तर त्या दिवशी मी चुकलो, एवढे त्याला सांगावयाचे आहे.