पहिली पसंती कोणती लिहावी?

अमेरिकेत सॅट परीक्षेचे गुण चार कॉलेजांना विनाशुल्क पाठविता येतात. पण परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत, बहुधा निकाल कळण्यापूर्वीच. आपल्याकडे सीईटीचे गुण कॉलेजांना पाठवावे लागत नाहीत. पाठवायचा तो पसंतीक्रम, आणि खरी जोखीम त्यातच.

२०२५ साली अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, तर ती घ्यावीच लागे. नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. दुसरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना, तिसरीत पहिल्या सहांना. आम्हां बोईसर-तारापूरच्या कामगारांच्या घरी काय होते? हातचे जाऊ नये म्हणून जवळचे कॉलेज वर लिहितात, माटुंग्याचे व्हीजेटीआय खाली. जवळचे मिळते आणि माटुंग्याचा विचारच होत नाही! वास्तविक वरचे नाव लिहिल्याने खालचे हातून जात नाही. गुण पुरले नाहीत, तर यादीत पुढचे नाव पाहतात. मागणीपत्रक लिहिताना मालकाला काय परवडेल हे पाहून आम्ही पहिली मागणी ठरवितो काय?

मात्र पहाटेची लोकल किंवा वसतिगृहाचा खर्च झेपणारच नसेल, तर ते नाव लिहूच नये. हा हिशेब मुलीला आणि तिच्या आईला जवळ बसवून आधीच करावा. मुदतीच्या रात्री सायबर कॅफेत नव्हे.