न कोमेजणारे फूल आणि आपली मोकळी जागा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला 'बागकाम' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आणि वेळ वीस मिनिटांचा. म्हणून मी सगळी बाग न घेता एकच फूल घेतो. फूल आहे आफ्रिकेकडचं. पण बोलणार आहे ते देवळीच्या काळ्या मातीबद्दल आणि आपल्या संस्थेच्या मोकळ्या जागेबद्दल. या जागेवर गट्टू बसवायचे की नाही, हा विषय येत्या आमसभेत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी फुलाची ओळख. दक्षिण आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकाला केप नावाचा प्रदेश आहे. तिथल्या डोंगरउतारांवर शेवंतीच्या कुळातली काही झुडपं वाढतात. त्यांची फुलं हातात घेतली तर कागदासारखी करकरीत लागतात. खुडून ठेवली तरी रंग जात नाही, पाकळी गळत नाही. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत त्यांना 'सेवेयार्की' म्हणतात. अर्थ सरळ आहे : सात वर्षांचं. पूर्वी लोक ही वाळलेली फुलं गाद्या-उशांत भरत. एकोणिसाव्या शतकात एलिमसारख्या खेड्यांतली माणसं ती गोळा करत आणि ती जहाजाने युरोपात जात. तिकडे त्यांची पुष्पचक्रं होत, गेलेल्या माणसाच्या थडग्यावर वाहण्यासाठी. याच गोतातल्या काही सुवासिक झुडपांचा वाळलेला पाला झुलू आणि खोसा लोक पूर्वजांच्या स्मरणासाठी जाळतात. त्याला ते 'इम्फेफो' म्हणतात. आपण पितरांसमोर धूप घालतो, तसाच हा प्रकार.

आपण वर्धा जिल्ह्याचे लोक. 1936 साली सेवाग्रामला राहायला येण्याआधी गांधीजींनी 1893 ते 1914 या काळातली बहुतेक वर्षं त्याच दक्षिण आफ्रिकेत काढली. त्यामुळे तो देश आपल्याला अगदीच परका नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे दुकानात गोंधळ होणार नाही. केपमधली ती अस्सल झुडपं आपल्याकडे आणू नयेत. त्यांचा पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडचा भर पावसाळ्यातला दमट उकाडा त्यांना सोसणार नाही. शिवाय त्यातल्या काहींचं बी वणव्याचा धूर लागल्याशिवाय नीट उगवत नाही. केप टाऊनच्या कर्स्टनबोश उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी बियांना मुद्दाम धूर देण्याची पद्धत बसवली. एवढा उपद्व्याप आपल्याला झेपायचा नाही. आपल्या बियाण्याच्या दुकानांत 'हेलिक्रायसम' किंवा 'पेपर फ्लॉवर' नावाचं जे पाकीट मिळतं, ते याच कुळातलं ऑस्ट्रेलियाचं भावंड. नव्या वर्गीकरणात त्याला 'झेरोक्रायसम' म्हणतात. पिवळा, केशरी, गुलाबी, पांढरा, तांबडा असे रंग येतात. उटीला पर्यटकांना वाळलेल्या फुलांचे जे गुच्छ विकतात, त्यांत हेच असतं. हे हंगामी झाड आहे आणि आपल्या हिवाळ्यात छान येतं.

हे फूल कोमेजत का नाही? आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नाहीतच. खरी फुलं म्हणजे मधला पिवळा गोंडा. भोवतीची रंगीत पानं ही कळीचं आवरण असतात आणि त्यांत पाणी जवळजवळ नसतंच. जिथे पाणीच नाही तिथे कोमेजणार काय? घरातल्या नातवंडांना एक गंमत दाखवा. वाळलेलं फूल वाटीभर पाण्यात ठेवा. थोड्या वेळाने ते मिटतं. बाहेर काढून उन्हात ठेवलं की पुन्हा उघडतं. झाड मेलेलं असलं तरी हे चालतं, कारण ती पानं नुसत्या ओलाव्याने आणि कोरडेपणाने वाकतात.

आता लागवडीकडे येतो. सर्वात सोपा नियम सांगतो : या फुलाला हरभऱ्याचा भाऊ समजा. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचं वावर आहे, उरलेल्यांचं होतं. हरभरा कसा घ्यायचा ते कोणालाच शिकवायला नको. तो पावसाळ्यात पेरत नाहीत, दसरा झाला की पेरतात. त्याला पाणी जास्त झालं की नुसता पाला माजतो, नाहीतर मर लागते. आणि फांद्या फुटाव्यात म्हणून त्याचे शेंडे खुडतात. या तिन्ही गोष्टी या फुलाला जशाच्या तशा लागू आहेत.

दसरा ते कोजागिरी या दिवसांत बी टाका. बी बारीक असतं आणि उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीत गाडू नका. पसरट कुंडीत ओल्या मातीवर पसरा, हाताने हलकं दाबा, वरून चिमूटभर बारीक रेती भुरभुरा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तेव्हा कुंडी उजेडात पण सावलीला ठेवा. आठ-दहा दिवसांत रोपं दिसतात. या वेळी कुंडीत पाणी साचलं तर रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. सुमारे चार आठवड्यांनी, चार-सहा पानं आली की संध्याकाळच्या वेळी वाफ्यात लावा. दोन रोपांत एक फूट अंतर हवं. लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडा खुडा. जानेवारीच्या शेवटी फुलं सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात.

आता मातीचं सांगतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. आपली काळी माती कसदार आहे, पण ती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कपाशी-तुरीला ती मानवते, बारीक मुळांच्या फुलझाडांना नाही. म्हणून वाफा जमिनीच्या वर, निदान नऊ इंच उंच करायचा. तळाला मुरमाचा थर. त्यावर दोन घमेली काळी माती, दोन घमेली जाड रेती आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत या प्रमाणात मिश्रण. खत यापेक्षा जास्त नको आणि युरिया तर नकोच, नाहीतर पानं येतील, फुलं येणार नाहीत. जागा अशी हवी की सहा तास ऊन मिळेल. मावा दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो.

पाण्याचा हिशोब मी करून आणला आहे. बँकेची सवय आहे, जात नाही. दहा फूट बाय चार फुटांचा एक वाफा धरा. त्यात चाळीसएक रोपं बसतात. रोपं रुजली की आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहा लिटरच्या तीन झाऱ्या. म्हणजे आठवड्याला 60 लिटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सोळा आठवडे धरले तर 960 लिटर. आपल्या गच्चीवर जी 1000 लिटरची टाकी असते, तेवढ्या पाण्यात पूर्ण हंगाम होतो. आणि रोज पाणी घालणं हे प्रेम नाही, बरं का. पीककर्जाचं काम केलेल्याला हे लवकर पटतं. वेळेवर आणि गरजेपुरतं कर्ज मिळालं तर शेतकरी उभा राहतो. गरजेपेक्षा जास्त दिलं तर त्याच कर्जाखाली तो दबतो. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर झारी खाली ठेवा.

फूल कधी काढायचं हेही महत्त्वाचं. पूर्ण उमलू देऊ नका. बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडल्या आणि मधला पिवळा गोंडा अजून झाकलेला आहे, तेव्हा दव गेल्यावर कापा. वाळताना ते आणखी उघडतं. उशीर झाला तर मधला भाग तपकिरी होऊन विस्कटतो. पानं काढून दहा-दहा देठांची जुडी बांधा आणि अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगा. दोन-तीन आठवड्यांत वाळतात. वाळल्यावर देठ मानेशी कमजोर होतो, म्हणून फूल ताजं असतानाच त्यात बारीक तार खोचावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी पाऊस येतो, कधी गारपीटही होते. आभाळ भरून आलं की तयार फुलं लगेच उतरवून घ्या.

आता गट्टूच्या विषयाकडे येतो.

गट्टूची मागणी करणाऱ्या सभासदांवर माझा राग नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. दर जुलैत आपण फुलझाडं लावतो, फोटो काढतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातलं फारसं काही उरत नाही. वर्गणी जाते, माळ्याचा पगार जातो, पाणी जातं. तेव्हा एकदाचे गट्टू बसवा, कार्यक्रमाला मंडप टाकता येईल, चिखल होणार नाही, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण माझं म्हणणं असं की त्या जागेत झाडं जगत नाहीत हे कारण नाही. आपण चुकीच्या महिन्यात, सपाट काळ्या मातीत, पाणी साचेल अशा ठिकाणी फुलझाडं लावतो. जी आषाढात सडत नाहीत ती वैशाखात करपतात. यात दोष जागेचा नाही, वेळापत्रकाचा आहे. मोठी झाडं पावसाळ्यात लावा, जरूर लावा. फुलांचं काम मात्र दसऱ्यानंतर सुरू करा आणि एप्रिलमध्ये वाफा रिकामा करून झाकून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात पारा 45-46 अंशांवर जातो. त्या दिवसांत फुलांचा हट्ट धरायचा नसतो.

गट्टूला पाणी लागत नाही, हे खरं. पण पावसाचं पाणीही ते सहज खाली जाऊ देत नाहीत, आणि आपली बोअर त्याच पावसावर भरते. नवतपात संध्याकाळी गट्टूवर बसून बघा, रात्री नऊपर्यंत खालून वाफा येतात. लेआउट मंजूर करताना ही जागा मोकळी सोडायला लावली ती यासाठीच. आणि व्यवहारातली एक गोष्ट सांगतो : एकदा बसवलेले गट्टू उखडायला पुन्हा कोणी ठराव मांडत नाही.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. सगळी जागा मागत नाही. चालायला गट्टूची एक पट्टी करा, मंडपापुरती जागा मुरूम टाकून पक्की करा. ओट्याजवळचा कोपरा मात्र यंदाच्या हिवाळ्यापुरता राखून ठेवा. त्यात दहा बाय चारचे दोन वाफे करू. मुरूम आणि रेतीचा खर्च माझा. रोजचं बघायला आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी आहोत, नाहीतरी सकाळी ओट्यावर बसून राजकारणच करतो. अडचण आलीच तर सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, तिथे जाऊन विचारता येतं. मार्चअखेर हिशोब मांडू. किती रोपं लावली, किती जगली, किती पाणी गेलं, किती फुलं निघाली. आकडे पटले नाहीत तर गट्टूच्या ठरावाला पहिला हात माझा वर होईल.

आणि शेवटचं एक. संस्थेच्या कार्यालयात आपल्या दिवंगत संस्थापक सभासदांचे फोटो आहेत. पंचवीस वर्षांत त्या भिंतीवरची जागा भरत आली आहे. त्या सगळ्यांना प्लॅस्टिकचे हार आहेत, कारण ताजा हार रोज कोण आणणार? ज्या माणसांनी पडीक वावरात लेआउट पाडून आपल्याला घरं उभी करून दिली, त्यांच्या फोटोवर याच जमिनीत उगवलेल्या फुलांचा हार असावा, असं मला वाटतं. दोन वाफ्यांत तेवढी फुलं सहज निघतील आणि वर्षभर टिकतील. बियाण्याची चार पाकिटं मी आणून ठेवली आहेत. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ज्यांना जमेल त्यांनी ओट्याजवळ यावं. येताना घरचं एक घमेलं आणावं.