गोळी की झाडपाला? सोरायसिसविषयी थोडं मोकळेपणाने

(रौप्यमहोत्सवी आरोग्य सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे 'जुनाट त्वचाविकार : औषध की घरगुती उपाय?' मी डॉक्टर नाही. दवाखान्यात औषधांच्या खिडकीच्या आत मी तीस वर्षं नोकरी केली आणि गेली २२ वर्षं सोरायसिसचा पेशंट म्हणून खिडकीच्या बाहेरही उभा राहतो आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचं थोडंफार ठाऊक आहे. माझ्या कोपरांवरचे चट्टे या इमारतीनं पाहिले आहेत आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावरून मला एकेक उपाय मिळाला आहे. कोणी कडुलिंबाचा पाला आणून दिला, कोणी गोमूत्र सुचवलं, कोणी वांगं बंद करा म्हणालं. त्यामागे माया होती, म्हणून आधी सगळ्यांचे आभार.

पहिली गोष्ट, हा आजार संसर्गजन्य नाही. शेकहँड केल्यानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो लागत नाही. आपल्या जुन्या वैद्यकात कितीतरी त्वचारोगांना 'कुष्ठ' म्हटलेलं आहे, त्यामुळे तो शब्द ऐकून लोक दचकतात. महारोगाशी याचा काही संबंध नाही.

मग हे असतं काय? आपल्या कातडीची पेशी तळाशी जन्मते आणि वर येऊन गळून पडते. याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण चिथावली जाते आणि हेच काम चार-पाच दिवसांत उरकलं जातं. जुनी गळायच्या आत नवी तयार! म्हणून ते चंदेरी खवले. 'रक्त खराब झालंय' असं आपण म्हणतो, पण रक्तात घाण नसते. म्हणून 'रक्तशुद्धी'च्या बाटलीनं हा मुळापासून जात नाही. मधुमेहासारखाच तो ताब्यात ठेवायचा आजार आहे.

आणि त्याची एक खोड आहे. तो आपला आपण ओसरतो आणि आपला आपण उसळतो. थंडीत वाढतो, घसा बिघडला की वाढतो, घरात ताण असला की वाढतो. ओसरताना जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. 'अमक्याला त्या लेपानं बरं वाटलं' या वाक्यात खोटं काही नसतं, पण तो पुरावाही नसतो.

आता 'नैसर्गिक' आणि 'केमिकल' या वादाकडे येऊ. बावची आपल्याला माहीत आहे. तिच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. याच कुळातलं औषध घेऊन वर अतिनील किरण देण्याचा उपचार सोरायसिससाठी १९७४ पासून प्रसिद्ध झाला. म्हणजे गोळीच्या मुळाशी झाडच आहे. फरक मोजमापाचा. दवाखान्यात औषध मिलिग्रॅममध्ये आणि प्रकाश सेकंदांत मोजतात. तीच बावची वाटून अंगाला लावून गच्चीवर उन्हात बसलं, तर कातडी भाजून फोड येतात. झाडाचं आहे म्हणून सौम्य, हे काही खरं नाही.

मी घरगुती उपायांचे तीन ढीग करतो. पहिला ढीग खुशाल करावा असा. कोमट पाण्यानं अंघोळ, अंग रगडायचं नाही, टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं. सकाळचं थोडं ऊन. वजन आटोक्यात. सिगारेट आणि दारू बंद. खवले नखानं काढायचे नाहीत, कारण जखम होते तिथे नवा चट्टा उठतो. हे सगळं औषध चालू असतानाही करायचं.

दुसरा ढीग कोरफड, हळद यांचा. कोणाला गार वाटतं, कोणाची आग होते. छोट्या जागेवर लावून बघा, पण यावर विसंबून राहू नका.

तिसरा ढीग मात्र हात न लावण्याचा. लेबल नसलेली पुडी, नाव नसलेल्या गोळ्या. माझ्या नात्यातल्या एकानं चालू औषध एकदम बंद करून अशी पुडी सुरू केली. दहा दिवसांत कातडी लख्ख! सगळे थक्क. पुडी संपली आणि पंधरवड्यात डोक्यापासून पायापर्यंत अंग लाल, थंडी वाजून हुडहुडी. दवाखान्यात भरती करावं लागलं. पुडीत काय होतं ते कळलं नाही. पण झटकन गुण आणि बंद करताच दुप्पट उसळी, ही खूण स्टिरॉइडची असू शकते. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाही. नोंदणीकृत वैद्यांकडे जा, पण लेबल आणि बिल मागा.

आता गोळीचीही बाजू तपासू, तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. स्टिरॉइडचं मलम महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते. २०१८ साली अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, ती उगाच नाही. मेथोट्रेक्सेट ही गोळी सोरायसिसला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, जीवावर बेततं. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. रक्ततपासणी चुकवायची नाही, दारू नाही, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

मग तोलायचं कसं? आपला तळवा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दोन-तीन तळव्यांएवढा आजार असेल तर बहुधा मलमावर भागतं. दहाच्या वर गेला तर प्रकाशोपचार किंवा गोळीचा विचार करावा लागतो. चेहरा, तळपाय, नखं असतील तर कमी असूनही त्रास मोठा. आणि सांधे दुखत असतील तर थांबायचंच नाही. माझ्या बाबतीत निर्णय सांध्यांनी केला. सकाळी बोटं वळेनात, अंघोळीचा तांब्या धरवेना. झिजलेला सांधा तेलानं परत येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं आणि मी गोळी सुरू केली. यकृताची भीती होतीच. पण ती भीती तपासणीनं राखता येते, वाकडं झालेलं बोट सरळ करता येत नाही. आज मी तुमच्यासमोर माइक धरून उभा आहे. खोबरेलही रोज लावतो.

शेवटी दोनच विनंत्या. पेशंट असाल तर चालू औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि घरी जे काही घेता ते डॉक्टरांना न लाजता सांगा. आणि पेशंट नसाल, तर हळदीकुंकवाला, पंगतीला, लिफ्टमध्ये अशा माणसाच्या शेजारी नेहमीसारखे उभे राहा. नवा उपाय सांगण्याआधी "कसं चाललंय?" एवढं विचारा. पंचवीस वर्षांचा शेजार आहे आपला, तेवढं नक्कीच जमेल.