कुळही सांगा, गुणही सांगा



वनस्पती-विषाणूंवरच्या परिषदेत अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. मी मात्र आज एकाच विषाणूबद्दल बोलणार आहे: लेट्यूस मोझॅक व्हायरस. जनुकीय वर्गीकरण नेमके कशासाठी करायचे, याचे उत्तर त्याच्या इतिहासात फार स्वच्छ सापडते.

त्याच्यामुळे लेट्यूसला होणाऱ्या रोगाचे पहिले वर्णन जॅगर यांनी 1921 मध्ये फ्लोरिडातून केले. लागण झालेले कोवळे पान उजेडाकडे धरले, तर बारीक शिरा जवळजवळ पारदर्शक दिसतात. मग पानभर फिकट-गडद हिरवे चट्टे उमटतात, कडा चुणीदार होतात, रोप खुजे राहते आणि गड्डा भरत नाही. मावा काही सेकंदांच्या टोचणीत विषाणू उचलतो आणि शेजारच्या रोपाला देतो. पण शेतात तो प्रथम शिरतो बियाण्यातून. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातल्या संशोधकांनी 1950च्या दशकात दाखवून दिले, की हजारात एखादे बी रोगट असले तरी पीक हातचे जाऊ शकते. त्यातूनच 30,000 बियांच्या तपासणीत एकही बी रोगट निघता कामा नये, ही कडक अट आली. त्या अटीने खोऱ्यातली लेट्यूसची शेती तगवली.

दुसरा आधार प्रतिकारक्षम वाणांचा. एमओ-1 या जनुकाची दोन रूपे पैदासकारांनी वापरली. एक प्रामुख्याने युरोपात, दुसरे अमेरिकेत. पुढे ही प्रतिकारक्षमता मोडणारे विषाणू दिसू लागले, तेव्हा वर्गीकरणाची निकड निर्माण झाली. 1992 मध्ये पिंक आणि सहकाऱ्यांनी, कोणता विषाणू कोणत्या वाणावर वाढतो हे पाहून, चार पॅथोटाइप ठरवले. ही विभागणी गुणांवर होती. कोण कोणाचा नातलग, हे तिच्यातून कळत नव्हते.

ते कळले जनुकीय क्रमातून. या विषाणूचा आरएनए सुमारे 10,080 न्यूक्लिओटाइडांचा. त्याच्या शेवटाकडच्या, कवच-प्रथिनाच्या भागाची तुलना केली तेव्हा नमुने तीन शाखांत पडले: येमेनमधली, ग्रीसमधली आणि उरलेल्या जगाची. भूगोलाशी मेळ खाणारी, नीटस अशी ही मांडणी होती. पण शेतकऱ्याला खरा धोका तिसऱ्या शाखेच्या पोटात होता. 2002 मध्ये क्राउझे-साकाते, ल गाल आणि सहकाऱ्यांनी त्या शाखेतला एक स्वतंत्र गट दाखवला, ‘मोस्ट’ नावाचा. नेहमीचा ‘कॉमन’ गट बियाण्यातून पसरतो, पण एमओ-1 मोडत नाही. ‘मोस्ट’ गट एमओ-1 मोडतो आणि त्या प्रतिकारक्षम वाणाच्या बियाण्यातूनही पसरतो. म्हणजे ज्या वाणावर शेतकरी विसंबला, त्याच वाणाचे बियाणे विषाणूला देशोदेशी पोचवू शकते.

मित्रहो, इथे थोडे थांबू या. 2003 मध्ये कळले, की एमओ-1 हे जनुक पेशीत प्रथिननिर्मिती सुरू करून देणाऱ्या एका घटकाचे आहे. विषाणूला वाढण्यासाठी तोच घटक लागतो. त्याच्या बदललेल्या रूपावर मात करण्याची ताकद विषाणूत मुख्यतः सीआय नावाच्या प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला आढळली. वंशवृक्ष मात्र आपण कवच-प्रथिनावरून काढत होतो. कुळ एका तुकड्यावरून ठरवले आणि घातक गुण दुसऱ्याच तुकड्यात होता. हा विषाणू ज्या वंशातला आहे, ते पोटीव्हायरस आपसांत जनुकीय तुकड्यांची अदलाबदल करतात, हे लक्षात घेतले तर एका तुकड्यावर विसंबणे किती जोखमीचे आहे, हे उघड होते.

प्रजातीची सीमा आखण्याचे नियम आज स्पष्ट आहेत. दोन पोटीव्हायरसांच्या संपूर्ण प्रथिनसंकेतात न्यूक्लिओटाइडांचे साम्य 76 टक्क्यांहून आणि अमिनो आम्लांचे 82 टक्क्यांहून कमी असेल, तर प्रजाती वेगळी. या मापाने ‘कॉमन’ आणि ‘मोस्ट’ दोन्ही एकाच प्रजातीत, पोटीव्हायरस लॅक्टुकीमध्ये, बसतात. शेतकऱ्याचे नफानुकसान ठरते ते प्रजातीच्या आतल्या या फरकावर. म्हणून प्रजाती ओळखली की काम संपले, असे आपण मानता कामा नये.

महाराष्ट्रात लेट्यूसचे क्षेत्र मर्यादित आहे. पण पपईच्या बागा उद्ध्वस्त करणारा रिंगस्पॉट विषाणू याच पोटीव्हायरस वंशातला. त्याचा एक प्रकार पपईवर येतो, दुसरा फक्त काकडी-भोपळावर्गीय वेलींवर. ऑस्ट्रेलियातला पपईवरचा प्रकार तिथल्याच वेलींवरच्या प्रकारातून निपजल्याचे क्रमांच्या तुलनेतून दिसले. पपईच्या बांधाला दोडका-भोपळा लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याशी या माहितीचा थेट संबंध आहे.

तेव्हा या सभागृहाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. जमेल तिथे संपूर्ण जनुकीय क्रम वाचा. क्रम जमा करताना वाण, गाव, तारीख, लक्षणे आणि बियाण्याचा स्रोत यांची नोंद त्यासोबत ठेवा. ती नसेल तर पुढच्या संशोधकाला तो क्रम निम्मा मुका ठरतो. आणि ठरावीक वाणांच्या संचावर प्रत्येक नमुन्याची लागण करून पाहण्याचे जुने, वेळखाऊ काम सोडू नका. तरुण सहकाऱ्यांनो, काचघरातल्या या कामाला आज प्रतिष्ठा कमी मिळते. ‘मोस्ट’ गटाचा धोका मात्र क्रम आणि लागण ही दोन्ही कामे एकत्र केल्यावरच कळला. अशी जोडकामे करणाऱ्यांना शोधनिबंधात, बढतीत आणि निधीत बरोबरीचे स्थान मिळावे, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी अध्यक्ष म्हणून आग्रहाची सूचना आहे.