तडकलेल्या डाळिंबाचा पाक

(सांगोला तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यापूर्वी २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच स्थापन झाले. मला आज बोलावयाचे आहे ते या गौरवात ज्याला स्थान नाही, अशा फळाविषयी. बागेला पाण्याचा ताण पडून नंतर एकदम भरपूर पाणी मिळाले, किंवा अवेळी पाऊस झाला, की पिकत आलेल्या फळाची साल तडकते. आतील दाणे गोड व लालभडक असतात. पण व्यापारी त्याकडे पाहत नाही. बांधावरचे असे ढीग आणि त्यांमागचे फवारणीचे कर्ज आपण सर्वांनी पाहिले आहे.

या फळाचा उत्तम पाक होतो. मात्र फळ तडकले त्याच दिवशी ते घरात आले पाहिजे. भेगेतून बुरशी आत शिरते. दाणे काळवंडलेले दिसले, तर ते फळ मोह न धरता टाकून द्यावे. उकळल्याने बुरशीचे विष नाहीसे होईलच असे नाही.

साधारण अडीच किलो फळांतून एक लिटर रस निघतो. दाणे हाताने सोडवून, पांढरा पापुद्रा काढून, मलमलीच्या फडक्यातून पिळावेत. सालीसकट दाबल्यास किंवा बिया भरडल्यास रस तुरट होतो. रस रात्रभर थंड जागी, शक्यतो शीतकपाटात, स्थिर ठेवावा आणि सकाळी तळचा गाळ न हलविता वरचा रस ओतून घ्यावा. एक लिटर रसास दीड किलो साखर आणि चार-पाच लिंबांचा रस घालून मंद आचेवर साखर विरघळवावी. कडेला बुडबुडे दिसताच पातेले उतरवावे, कारण जास्त आटविल्यास लाल रंग तपकिरी होतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत पाक गरम असतानाच भरावा.

दीड किलो साखर पुष्कळांना उधळपट्टी वाटते. परंतु १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने फळांच्या पाकात किमान २५ टक्के रस व ६५ टक्के विद्राव्य घटक ठरविले होते, आणि आपले माप त्यास जुळते. साखर कमी केली की पाक आंबतो. शिक्षकांनी हे टक्केवारीचे गणित वर्गात अवश्य घालावे.

मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझी ओळख आमच्या घरच्या लोखंडी कढईत झाली. पहिला पाक त्या कढईत शाईसारखा काळा झाला! डाळिंबातील तुरट द्रव्य लोखंडाशी संयोग पावते. म्हणून भांडे स्टीलचेच हवे. टिकविण्यासाठी गंधकयुक्त परिरक्षक घातल्यास रंग फिका पडतो. लाल रसांसाठी सोडियम बेंझोएट वापरतात, तेही ठरलेल्या मर्यादेतच. घरापुरता पाक असेल तर शीतकपाट पुरेसे आहे.

न्याहारीला धिरड्यावर किंवा पोळीला लावून मुले हा पाक आवडीने खातात. श्रीखंडावरही तो शोभतो. गरम खिरीत मात्र घालू नये, दूध नासते.

विक्री करावयाची झाल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे. बचत गटांची ही पहिली अडचण असते. अर्ज भरण्याच्या कामी ग्रामपंचायत सदस्यांनी त्यांच्यासोबत बसावे, अशी माझी विनंती आहे.

आता आपणापुढे पेले येत आहेत. त्यांत एक भाग पाक व चार भाग पाणी आहे.