घोरणारा झोपतो, शेजारचा जागतो

विदर्भातल्या ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की खाटा अंगणात नाहीतर गच्चीवर निघतात. घोरणाऱ्याची खाट जरा लांब टाकली तरी कुणी काही विचारत नाही. पावसाळा लागला की मात्र सगळे पुन्हा एकाच खोलीत. मग बायको नवऱ्याला कोपराने हलवते, उशी कानावर ओढते, शेवटी चटई उचलून दुसरीकडे जाते. सकाळी त्याच्या घोरण्याची थट्टा होते. तिची झोप झाली की नाही, हे कुणाच्या मनातही येत नाही.

ही गेलेली झोप मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९९ साली दहा जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोरणाऱ्याशेजारी झोपणाऱ्याची अंथरुणातल्या वेळापैकी ७४ टक्केच प्रत्यक्ष झोप होत होती. घोरणाऱ्यावर यंत्राने उपचार होताच ती ८७ टक्क्यांवर गेली. आठ तासांच्या रात्रीत हा फरक तासाभराचा होतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, हवेची वाट अरुंद होते आणि टाळूचा मऊ भाग व पडजीभ थरथरतात. उताणं झोपलं की जीभ मागे पडते. दारू आणि झोपेच्या गोळ्या स्नायू आणखी सैल करतात. मानेभोवतीची चरबी वाट दाबते. म्हणून कुशीवर झोपणं, संध्याकाळची दारू सोडणं आणि वजन कमी करणं हे उपाय पुष्कळांना पुरतात.

पण प्रत्येक घोरणं साधं नसतं.

आवाज अचानक थांबतो, छाती हलते, हवा आत जात नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. दहा सेकंद किंवा अधिक काळाचे असे खंड रात्रभर पडत राहिले, तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले: १९.५ टक्क्यांच्या श्वासात झोपेत असा बिघाड, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची झापडही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हाच विकार असल्याचं सांगितलं.

घोरणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. म्हणूनच डॉक्टर विचारतात, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का? फोनवर काढलेलं दोन मिनिटांचं चित्रण इथे फार कामी येतं. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा शोध जगापुढे मांडला. आज ते घरोघरी वापरता येतं. काहींना दंतवैद्याने करून दिलेली, खालचा जबडा पुढे धरणारी पट्टीही पुरते.

बायकाही घोरतात, आणि पाळी गेल्यानंतर जास्त. संकोचाने त्या सांगत नाहीत. तिथे नवऱ्याने पुढाकार घेऊन तपासणीला सोबत जावं.

वेगळ्या खोलीत झोपण्यात काहीच कमीपणा नाही, त्याने संसार मोडत नाही. मात्र ज्याचा श्वास थांबतो त्याला एकटं झोपवलं, तर ते ऐकणारंही कुणी उरत नाही. म्हणून खोल्या वेगळ्या करण्याआधी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं.